स्वीटकॉर्ननंतरचा कांदा पिवळा पडला, पण जुन्या उकिरड्याच्या जागी हिरवागार. असं का?

रंगडा_कांदा

नमस्कार मंडळी. नेहमी नुसता वाचून जातो, आज लिहायची वेळ आली. दोन एकर शेत आहे, वरचा भाग हलका मुरमाड, खाली बऱ्यापैकी काळी. १२ जुलैला स्वीटकॉर्न टोकलं आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅट्राझीन ५० टक्केवालं तणनाशक मारलं, दुकानदार म्हणाला तण फार आहे तर एकरी ८०० ग्रॅम घ्या म्हणून तेवढं घेतलं. ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. कणसं सप्टेंबरअखेर तोडली, रोटर मारून ८ ऑक्टोबरला रंगडा कांदा लावला. रोप चांगलं लागलं, पांढरी मुळी पण दिसत होती, दोन पाणी झाली आणि तिसऱ्या पाण्यानंतर पात शेंड्याकडून पिवळी पडायला लागली, आधी जुनी पात मग नवीन. करपा समजून एक फवारणी घेतली, पीळ समजून दुसरी घेतली, पैसे गेले, फरक शून्य.

आता खरी गंमत. वरच्या मुरमाड पट्ट्यात सगळ्यात जास्त नुकसान, काळीत कमी. पण त्याच मुरमाड पट्ट्यात एक गोल ठिकाण आहे, खाटेएवढं म्हणा ना, तिथला कांदा हिरवागार, मान जाड, जणू दुसऱ्याच्या शेतातला आणून लावलाय. वडील म्हणाले तिथं तीन वर्षांपूर्वीपर्यंत आपला उकिरडा होता. औषध तर तिथंही तेवढंच पडलंय, मीच मारलंय, पंप काय तिथं बंद केला नव्हता. मग तिथलं औषध गेलं कुठं? आणि सगळीकडे शेणखत टाकलं तर उरलेलं पण असंच जाईल का, का नुसतं लपून बसेल आणि पुढच्या पिकाला बाहेर येईल?

माती परीक्षण मार्चमधलं आहे, सामू (पीएच) ८.२, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के.

भाऊसाहेब_येवला

शेणखत कमी पडलंय दुसरं काही नाही. आमच्याकडं एकरी चार ट्रॉल्या असतात, आमचा कांदा कधी पिवळा पडत नाही.

टाकीवाला

भाऊसाहेब तुमच्याकडं चार ट्रॉल्या शेणखत आणि चौदा ट्रॉल्या सल्ला असतो

मातीवाली_ताई

रंगडा दादा, तुम्ही जे उकिरड्याचं लिहिलंय ना ते मी एमएस्सीला दोन वर्षं घासलेल्या विषयाचं चित्र आहे, म्हणून जरा लांब लिहिते, चहा घेऊन बसा.

शेंड्याकडून आणि जुन्या पातीपासून पिवळं पडणं हे अ‍ॅट्राझीनशी जुळतं. ते मुळातून पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी जिथं उडून जातं तिथं, म्हणजे शेंड्याला, साठत जातं. प्रकाशात अन्न बनवायचं काम तिथं बंद पाडतं. म्हणून रोप आधी छान लागतं आणि मग बसतं. मक्याला ते स्वतःच्या पोटात मोडता येतं, कांद्याला येत नाही.

आता गेलं कुठं. कुठंच गेलं नाही. लोणच्याचा प्लॅस्टिकचा डबा आठवा. स्टीलचा डबा एकदा घासला की वास संपला. प्लॅस्टिकचा तीन वेळा घासा, उन्हात ठेवा, वास नाही असं वाटतं, झाकण लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उघडा, लोणचं परत हजर. तेल प्लॅस्टिकच्या पाठीवर चिकटलेलं नसतं, प्लॅस्टिकच्या आत विरघळून बसलेलं असतं आणि हळूहळू बाहेर येतं. मातीत वाळू आणि मुरूम हे स्टील, आणि कुजलेल्या शेणाचा काळा भाग, ज्याला रिपोर्टमध्ये सेंद्रिय कर्ब म्हणून मोजतात, तो प्लॅस्टिक. पाण्याशी फारसं न जमणारी औषधं त्या काळ्या भागात शिरून बसतात. १९७९ साली चिऊ, पीटर्स आणि फ्रीड या तिघांनी हेच सायन्स साप्ताहिकात मांडलं (चिऊ हे खरंच आडनाव आहे, आमच्या वर्गात एक आठवडा हसत होते) की अशी औषधं मातीला नुसती वरून चिकटत नाहीत, सेंद्रिय भागात विरघळतात, आणि पाणी एकीकडं, सेंद्रिय भाग दुसरीकडं, अशी वाटणी होते.

वाटणीचा हिशोब तुमच्याच शेतावर करते. एकरी ८०० ग्रॅम म्हणजे खरा घटक ४०० ग्रॅम. हे निम्मं व्हायला साधारण ६० दिवस धरतात. तुमचे ८७ दिवस झाले, म्हणजे १४५ ग्रॅमच्या आसपास शिल्लक असणार, आणि ऑगस्ट कोरडा गेला म्हणता तर जास्तच, कारण मोडणारे जिवाणू ओलाव्याशिवाय काम करत नाहीत. शिवाय सामू ८.२. आम्लधर्मी जमिनीत अ‍ॅट्राझीन पाण्याशी क्रिया होऊन लवकर मोडतं, चुनखडीच्या जमिनीत रेंगाळतं.

आता ही शिल्लक कुणाकडं किती. अ‍ॅट्राझीनचा सेंद्रिय कर्बाशी ओढीचा आकडा साधारण १०० धरतात, म्हणजे एक लिटर पाण्यात असेल त्याच्या शंभर पट एक किलो कर्बात बसतं. तुमचा कर्ब ०.३८ टक्के, म्हणजे एक लिटर पाण्यात जेवढं असेल त्याच्या ०.३८ पट एक किलो मातीत बसेल. किलोभर मातीत पाव लिटर ओल धरली तर औषधाच्या १०० कणांपैकी ६० मातीकडं आणि ४० पाण्यात. मुळी पितं ते पाणीच, त्यामुळं कांद्याच्या वाट्याला ते ४० आले. उकिरड्याच्या जागी कर्ब समजा १.२ निघाला, तर पाण्यात राहतात फक्त १७. औषध तेवढंच, कांद्याच्या ताटात निम्म्याहून कमी.

रंगडा_कांदा

ताई हे कुणीच असं सांगितलं नव्हतं, दुकानदार तर म्हणाला "दोन महिन्यात विषय संपतो". पण मग काळीत कमी नुकसान का, तिथला कर्ब पण ०.४५ वगैरेच असणार, फार वेगळा नाही.

मातीवाली_ताई

चिकणमाती पण थोडं धरते, ओल जास्त धरल्यामुळं पाण्यातलं औषध पातळ होतं, आणि ओल टिकली की जिवाणू जास्त दिवस काम करतात. तीन गोष्टी मिळून. आणि खरं सांगायचं तर मुरमाड पट्ट्यात तुमचा पंप दोनदा फिरला असेल ही शक्यता पण सोडू नका, बांधाजवळ वळताना सगळ्यांचंच होतं.

रंगडा_कांदा

वळताना झालंय. मान्य.

द्राक्षबाग_पलूस

ताईंच्या बोलण्यात थोडी भर. सगळ्या औषधांना सेंद्रिय कर्बच लागतो असं नाही. पॅराक्वाट तणनाशक बघा, त्याच्यावर धन भार असतो, मातीच्या कणावर ऋण, ते मातीला लागलं की संपलं, जमिनीतून मुळीला मिळतच नाही. ग्लायफोसेट पण तसंच, फक्त ते मातीतल्या लोह आणि अ‍ॅल्युमिनियमला धरून बसतं, स्फुरद बसतो त्याच जागांवर. आपण सगळे म्हणतो ना की कॅनॉलच्या गढूळ पाण्यात ग्लायफोसेट मारू नका, काम करत नाही, ते याच्यामुळंच, टाकीतच मातीच्या कणांनी त्याला धरलेलं असतं, गवतापर्यंत पोचतं कुठं.

उलट टू-फोर-डी हे तणनाशक. त्याच्यावर आपल्या सामूला ऋण भार असतो, मातीवर पण ऋण, दोघं एकमेकांना ढकलतात, मग ते पाण्याबरोबर मोकळं फिरतं. नशीब की ते लवकर मोडतं.

आणि कांद्यात आपण जे पेंडीमिथॅलीन मारतो त्याचा आकडा अ‍ॅट्राझीनच्या शंभराच्या जागी १७ हजारांच्या आसपास, म्हणून ते वरच्या एक-दोन बोटं थरातच बसून राहतं, तिथं उगवणाऱ्या तणाला मारतं आणि खाली कांद्याच्या मुळीपर्यंत उतरत नाही. म्हणजे चिकटणं हे वाईटच असतं असं काही नाही, आपण त्याच्यावरच तर धंदा करतोय.

भाऊसाहेब_येवला

म्हणजे मी बरोबर होतो. शेणखत.

मातीवाली_ताई

भाऊसाहेब अर्धे बरोबर आहात, आज तेवढं घ्या. शेणखताने पाण्यातलं कमी होईल. पण दादाचा दुसरा प्रश्न राहिला, की ते लपून बसेल का. हो, बसेल. आणि बाहेर पण येईल. पाण्यातलं औषध जिवाणूंनी खाल्लं की वाटणी बिघडते, मग मातीकडून थोडं सुटून पाण्यात येतं, परत खाल्लं जातं, परत सुटतं. अ‍ॅट्राझीनसारख्या मध्यम चिकट औषधाला हे चांगलंच आहे, एकदम डोस बसण्यापेक्षा थेंब थेंब सुटतं आणि थेंब थेंब संपतं. ज्या रानात वर्षानुवर्षं अ‍ॅट्राझीन पडलंय तिथं ते खाणारे जिवाणू इतके वाढतात की औषध पुरेसं टिकतच नाही, मग मकावाले तक्रार करतात तण मरत नाही म्हणून.

पण एक आहे, सुटणं हे बसण्याइतकं सोपं नसतं. बसायला तास-दोन तास, सुटायला महिने. आणि जितके दिवस आत राहील तितकं खोल जातं, बारीक छिद्रांत, कर्बाच्या घट्ट गाभ्यात. लॅबमध्ये माती सॉल्व्हंटने उकळून काढली की रिपोर्टमध्ये आकडा येतो, पण गांडुळाला, जिवाणूला, मुळीला तेवढं मिळत नसतं. म्हणून नुसता एकूण आकडा बघून ना घाबरायचं ना निवांत व्हायचं.

जर्सीकर

हे वाचून राहवलं नाही. मी गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत जमिनीखालचं दूषित पाणी साफ करायच्या कामात आहे, मूळचा कोपरगावचा. ताईंचं ते लोणच्याच्या डब्याचं उदाहरण मी उद्या ऑफिसात वापरणार, अमेरिकन लोकांना लोणचं आधी समजावावं लागेल.

आमच्याकडं हे रोज घडतं. ड्राय क्लीनिंगवाल्यांचं सॉल्व्हंट जमिनीत मुरलेलं असतं, विहिरी पाडून पाणी उपसायचं, साफ करायचं. पहिली दोन-तीन वर्षं आकडे धडाधड खाली येतात, सगळे खूश. मग एका पातळीला येऊन रेषा आडवी पडते, उपसा कितीही करा. कंटाळून पंप बंद केला की सहा महिन्यात आकडा परत वर. झाकण लावून ठेवलेला डबा. माती आणि चिकणमातीचे थर आतलं धरून ठेवतात आणि पाणी थांबलं की सोडत बसतात. एका साइटवर आम्ही कागदपत्रं बंद करायच्या तयारीत होतो, शेवटचं सॅम्पल घेतलं आणि सगळ्यांची तोंडं उतरली.

अजून एक जुना किस्सा, तो आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. जवळच्या कनेक्टिकट राज्यात तंबाखूच्या शेतात ईडीबी नावाचं धुरीचं औषध मातीत सोडायचे, सूत्रकृमीसाठी. ते उडून जाणारं, पाण्यात बऱ्यापैकी विरघळणारं, म्हणजे सगळ्या हिशोबांनी वर्षभरात नाहीसं व्हायला हवं. १९८७ मध्ये स्टाइनबर्ग, पिग्नाटेलो आणि साहनी यांनी दाखवलं की शेवटच्या वापरानंतर १९ वर्षांनी सुद्धा वरच्या मातीत ते सापडतंय. नवीन टाकलेलं ईडीबी पटकन उडत होतं, जुनं हलतच नव्हतं. मग त्यांनी ती माती दळली, अगदी पीठ केलं, तेव्हा ते सुटलं. कणांच्या आतल्या छिद्रांत अडकून बसलं होतं.

टाकीवाला

१९ वर्षं!! आमच्या भाडेकरूपेक्षा चिवट

गोदाकाठ

मला एक विचारायचंय, जरा विषयांतर. आमच्या जुन्या वाड्याच्या मागं एक खोली होती, आजोबा तिथं बीएचसी पावडर आणि डीडीटी ही जुनी कीटकनाशकं ठेवायचे, पोती फुटलेली असायची, आम्ही लहान असताना त्या वासात लपाछपी खेळायचो. खोली पाडली, आता तिथं परसबाग करायची बायकोची इच्छा आहे. इतक्या वर्षांनी असेल का काही?

मातीवाली_ताई

काका, बंद होऊन बराच काळ झाला, शेतीत डीडीटी १९८९ पासून बंद, बीएचसी १९९७ पासून. पण पोती फुटून जिथं सांडलं तिथं अजून असणार असं धरूनच चाला. डीडीटीचा ओढीचा आकडा लाखांत जातो. मघाच्या हिशोबात टाकला तर १० हजार कणांतला एखाद-दुसरा पाण्यात, बाकी सगळे मातीला. म्हणून ते विहिरीत फारसं उतरत नाही, जागच्या जागी बसतं, आणि जे मोडतं त्याचं डीडीई होतं, ते डीडीटीपेक्षाही हट्टी.

आता तुम्ही म्हणाल मग भाजीत येणार नाही. बहुतेक भाज्यांत खरंच नगण्य येतं. पण भोपळ्याच्या कुळातल्या काही वेलींना हे धरलेलं सोडवून घ्यायची विचित्र कला आहे. जर्सीकरांनी सांगितलं त्याच कनेक्टिकटच्या संशोधन केंद्रात झुकिनीच्या जातींवर यावर बरंच काम झालंय, मुळं डीडीई ओढून वर देठात चढवतात. जपानमध्ये काकडीत जुन्या डिल्ड्रिन कीटकनाशकाचे अंश मिळाले तेव्हा त्यांनी कमी ओढणाऱ्या भोपळ्याच्या खुंटावर काकडीची कलमं करायचा मार्ग काढला, मातीत कोळसा पण घालून बघितला. तेव्हा त्या जागी दुधी, काकडी, भोपळा नको. गाजर, मुळा, रताळं पण नको, मातीच सालीला लागून घरात येते. कोंबड्या तर अजिबात नको, त्या माती खातात आणि अंड्यात उतरतं. फुलझाडं लावा, नाहीतर आधी माती परीक्षणवाल्यांशी बोलून मग वरची फूटभर माती काढा, ती उचलून ओढ्यात टाकू नका म्हणजे झालं.

जर्सीकर

कोंबड्यांबद्दल अगदी बरोबर. हेच मार्टिनिक आणि ग्वाडेलूपमध्ये झालंय, कॅरिबियनमधली फ्रेंच बेटं. केळीच्या सोंडकिड्यासाठी क्लोरडेकोन नावाचं औषध १९७२ ते १९९३ वापरलं, आज तिथल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात ते सापडतं. गंमत बघा, ज्या केळीसाठी वापरलं तिच्या फळात येत नाही, अळूच्या कंदात, सुरणासारख्या याममध्ये, रताळ्यात येतं. आणि तिथं ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली एक माती आहे, स्पंजासारखी, आत बारीक छिद्रांचं जाळं. त्या मातीत क्लोरडेकोन सगळ्यात जास्त साठलंय, पण तिच्यातून पिकात आणि पाण्यात जातं कमी. दुसऱ्या मातीत साठा कमी पण सोडते सढळ हाताने. आता कोणती माती जास्त दूषित म्हणायची यावर आमच्यात तासभर वाद होऊ शकतो. तिथं कंपोस्ट घालून पिकात जाणं कमी करायचे पण प्रयोग झाले, म्हणजे भाऊसाहेबांचं शेणखत समुद्र ओलांडून गेलं.

भाऊसाहेब_येवला

मी आधीच सांगितलं होतं

द्राक्षबाग_पलूस

रंगडा भाऊ, कोळसा हा विषय निघालाच आहे तर. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल अ‍ॅट्राझीनला जबरदस्त धरतो पण औषधाच्या वजनाच्या शंभर-दोनशे पट लागतो, आणि उभ्या पिकात वरून टाकून उपयोग नाही, मुळीच्या थरात मिसळायला पाहिजे. पराटीचा किंवा तुरकाठीचा घरी केलेला कोळसा धरतो पण त्याचा भरवसा नाही, कसा जाळला त्यावर आहे. आणि एक तोटा, त्या रानात पुढं पेंडीमिथॅलीन मारलं तर कोळसा तेही गिळतो, मग तण हसत उभं राहतं.

मातीवाली_ताई

त्यापेक्षा दादा आधी कुंडीत बघा. चार कुंड्या. मुरमाड पट्ट्यातली माती, तीच माती चमचाभर अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घालून, उकिरड्याच्या जागेची माती, आणि बांधावरची कधीच फवारा न लागलेली. चारींत मोहरी टाका, मोहरीला अ‍ॅट्राझीन लगेच कळतं. ऊन मिळालं पाहिजे, सावलीत हे औषध नीट दिसत नाही. आणि नुसती उगवली म्हणून खूश होऊ नका, बियातलं दूध संपेपर्यंत सगळ्याच हिरव्या दिसतात, दोन पानांनंतर बघा.

रंगडा_कांदा

करतो. चारकोल माशांच्या टाकीवाल्याच्या दुकानात मिळतो का?

मातीवाली_ताई

मिळतो. खलबत्त्यात बारीक करून घ्या. पण घरातल्या खलबत्त्यात करू नका, नाहीतर इथं वेगळा प्रश्न टाकावा लागेल.

रंगडा_कांदा

बाविसाव्या दिवसाचा रिझल्ट.

बांधावरची माती, मोहरी मस्त. मुरमाड माती, सगळी उगवली, नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत फरकच नव्हता, मी म्हटलं ताई चुकल्या, मग पानाच्या कडा पिवळ्या, मग कागदासारख्या पांढऱ्या, आज अकरापैकी दोन उभ्या आहेत. त्याच मातीत कोळसा घातलेली, एकही मेली नाही. एकच पोतं, एकच माती, फक्त चमचाभर काळी पूड. उकिरड्याची माती, सगळ्या जिवंत पण खालच्या पानांच्या कडा किंचित पिवळ्या आहेत, म्हणजे तिथंही औषध आहेच.

मातीवाली_ताई

ती किंचित पिवळी कडच मला बघायची होती. औषध तिथं पूर्ण मोडून गेलं असतं तर बांधावरच्या कुंडीसारखी दिसली असती. आहे, पण धरलेलं आहे. जिवाणूंनीही हात दिला असेल, किती ते कुंडीवरून नाही सांगता येत. कोळशाच्या कुंडीत मात्र शंका नको, इतक्या दिवसांत एवढं मोडत नाही, तिथं नुसतं धरल्यानं मोहरी वाचली.

आता पाणी सलग देत राहा, रान कोरडं-ओलं करू नका, जिवाणूंना ओल हवी. पण एकदम भरपूर सोडून धुऊन काढू म्हणाल तर ते खाली विहिरीत. युरोपात पिण्याच्या पाण्याला लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि भूजलात ती पाळली जाईल याची खात्री देता येईना म्हणून त्यांनी २००४ मध्ये अ‍ॅट्राझीनची परवानगीच पुढं चालू ठेवली नाही. अमेरिकेत अजून चालतं, तिथं मर्यादा ३ मायक्रोग्रॅम. तुमची विहीर मुरमाड पट्ट्याच्या खालच्या अंगाला नसली म्हणजे मिळवलं.

रंगडा_कांदा

खालच्याच अंगाला आहे. प्यायला नळाचं पाणी असतं, पण जनावरं विहिरीचं पितात. तपासून घेतो.

काळीतला कांदा सावरतोय, नवीन पात हिरवी येतेय. मुरमाड पट्ट्यातला काढून टाकला, तिथं चाऱ्याचा मका टोकला, त्याला तरी हे औषध पचतं. दहा दिवसांत चांगला उगवून वर आलाय. वडिलांनी नवीन उकिरडा मुद्दाम त्याच पट्ट्याच्या वरच्या टोकाला घालायला सुरुवात केलीय, मला न विचारता.

टाकीवाला

आणि मोहरी कुणाची होती ते नाही सांगितलंस

रंगडा_कांदा

आईच्या फोडणीच्या डब्यातली. तिला अजून सांगितलं नाही.